आमच्या स्वयंपाकघरातली ज्यूरी

आयर्लंडमधल्या नावन गावी हॉस्पिटलमध्ये माझ्याबरोबर एक आयरिश नर्स आहे, माझी इथली सगळ्यात जवळची मैत्रीण. ती दहा वर्षांची असताना तिच्या खेळाच्या कोचने, कुणाला सांगितलंस तर बघ अशा धमक्या देत, तिच्यावर अत्याचार केले होते. पोलिसांकडे ती गेली ती थेट पस्तिशीत. ज्यूरीने त्याला दोषी ठरवलं, तो तुरुंगात गेला आणि तिथून त्याने अपील ठोकलं. तक्रार इतक्या उशिरा आली की बचाव करणं अवघड जातं, हे म्हणे जज्जांनी ज्यूरीला पुरेसं बजावलंच नाही! अपील मान्य झालं तर खटला पुन्हा, म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायचं. "आता माझ्यात ताकद नाही," असं ती मला म्हणाली होती.

दोन हजार एकवीसचा लॉकडाउन. आयटीतला माझा नवरा लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात ठाण मांडून बसलेला. कायद्याचा गंध नाही, पण मतं पातेलंभर.

"अगं, पण मुद्दा बरोबर आहे त्याचा. इतकी वर्षं ही गप्प का?"

माझं डोकंच सटकलं. हा माणूस! न्हाव्याने केसांचं वाटोळं केलं तेव्हा आरशात बघून इथल्यासारखं "ग्रँड, ग्रँड", म्हणजे मस्त, म्हणाला आणि घरी येऊन आठवडाभर त्या न्हाव्याच्या नावाने शिव्या मला ऐकवल्या. घर गरम ठेवणारा बॉयलर बिघडला तर दोन हिवाळे आम्ही स्वेटर घालून झोपलो, कारण घरमालकाला उगाच कशाला दुखवायचं? आणि हा दहा वर्षांच्या पोरीला जाब विचारणार!

"बॉयलरचं वेगळं असतं," तो म्हणाला.

"हो ना. बॉयलर धमक्या देत नाही."

निकालाच्या दिवशी मैत्रीण आमच्या परसात खुर्ची टाकून बसली. घरात पाहुणे घ्यायची बंदी होती, म्हणून चहा दारातून दिला. पोलिसांचा फोन आला. अपील फेटाळलं होतं. जज्जांनी ज्यूरीला सांगितलेलं पुरेसं होतं. ती मास्कमध्येच हुंदके द्यायला लागली. अंतर ठेवायचे नियम गेले खड्ड्यात, मी तिला घट्ट मिठी मारली.

ती गेल्यावर आम्ही जेवायला बसलो.

"छान झालं हं," नवरा म्हणाला. "तरी माझा प्रश्न राहतोच. निदान बापाला तरी सांगायचं तेव्हाच."

आमची लेक बारा वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र नावनच्या इंग्रजीत. त्याच इंग्रजीत ती म्हणाली, "बाबा, तुला कोण सांगेल?"

मी सरळ विचारलं, "तुला कोणी काही केलंय का?"

"नाही गं, आई. प्रॉमिस." मग भात कालवत म्हणाली, "केलं असतं तर तुला सांगितलं असतं. बाबाला नाही. तो आधी विचारेल, कालच का नाही बोललीस."

नवऱ्याने उचललेला घास परत ताटात ठेवला. तो म्हणाला, "नाही विचारणार गं."

तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.