टोकन नंबरातलं शून्य

आमच्या चाकणच्या कंपनीत फर्मान निघालं की सगळ्या सुपरवायझरांनी पायथन ही संगणकाची भाषा शिकायची. पन्नाशीला आलेल्या माणसानं! मग सुट्टीच्या दिवशी काळेवाडीच्या घरी मुलगी मला शिकवायला बसली. पूर्णांक म्हणजे इंट, मजकूर म्हणजे स्ट्रिंग, हे तिनं तीनदा सांगितलं आणि मी तीनदा मान डोलावली.

मग मी आमच्या लाइनच्या हजेरीचा छोटा प्रोग्राम लिहिला. कंपनीनं प्रत्येकाला दिलेला टोकन नंबर म्हणजे आकडेच की, म्हणून सरळ इंट करून मोकळा झालो. माझा नंबर टाकला, ०४१७. स्क्रीनवर आलं ४१७. पुन्हा टाकला, पुन्हा ४१७. डोकंच फिरलं माझं. आमच्याकडे शून्यानं सुरू होणारा नंबर कायम कामगाराचा, आणि बिनशून्याचा तीन आकडी नंबर कंत्राटी माणसाचा. ४१७ नंबर आमच्याच लाइनवर पॅकिंग करणाऱ्या एका कंत्राटी बाईंचा आहे. या दीडशहाण्या यंत्रानं त्यांची आणि माझी हजेरी एकाच खात्यात कोंबली होती.

"अगं, माझं शून्य कुठं गेलं?" मी ओरडलो.

"पप्पा, इंटमध्ये सुरुवातीच्या शून्याला किंमत नसते. ज्या नंबरांची बेरीज करायची नाही, ते स्ट्रिंगमध्ये ठेवायचे, मग जसेच्या तसे राहतात. एका शून्यावरून एवढं काय चिडताय?"

"त्या एका शून्यासाठी अकरा वर्षं कंत्राटावर काढलीत मी!"