लाकडी बसची अर्थिंग

सत्तेचाळीस वर्षांच्या इआकोपोला अजून घराण्यातली मानाची पदवी मिळाली नव्हती. सालेपुआ गावात बिनपदवीचा माणूस म्हणजे दाढी पिकली तरी पोऱ्याच. बैठकीत पदवीवाले खांबाला पाठ टेकून बसायचे, हा बाहेर उन्हात तारोचे कंद सोलायचा, ताटं पोचवायचा आणि उरलंसुरलं शेवटी खायचा. पदवीवाल्याला मातई म्हणतात; घराण्याचा थोरला मातई, म्हणजे प्रमुख, त्याचा सख्खा मामा तुलिमाता. घराण्याची एक बस होती, सालेपुआ ते राजधानी आपिया. तिच्यातली गाणी वीस वर्षं इआकोपोच्या हातात होती. आमच्याकडं माणसं बस निवडतात ती गाण्यावरून. जागा नसली तर परक्याच्या मांडीवर बसतील, पण भिकार आवाजाच्या बसमध्ये पाय ठेवणार नाहीत.

नाताळात घराण्यातली एक रिकामी पदवी भरायची होती. "आता तुझाच नंबर," असं मामा तारोच्या रानात स्वतःच्या तोंडानं म्हणाला होता. तेवढ्या शब्दावर इआकोपोनं वर्ष ढकललं.

मग ऑकलंडहून सेमिसी आला. त्याचा मावसभाऊ, तिशीतला. तिकडं मोटारींत स्पीकर बसवायचं दुकान होतं त्याचं. येताना नवाकोरा अँप्लिफायर घेऊन आला. मामा म्हणाला, "जुनं काढून टाका." इआकोपोनं वीस वर्षांत जोडलेली वायर न वायर सेमिसीनं एका दुपारी कापून गोणीत भरली.

"दादा, हे म्युझियमला द्या," असं म्हणून हसला. वाईट मनानं नाही म्हणाला, पण म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बस सुटली आणि गाण्यामागून एक बारीक किंकाळी उठली. ड्रायव्हरनं गाडी पळवली की ती चढायची, ब्रेक मारला की उतरायची.

"कुणी डुक्कर कापायला घेतलंय का रं मागं?" म्हातारी सिएनीनं विचारलं. सगळी बस हसली. आठवड्याभरात मात्र हसणारी माणसं मागच्या बससाठी थांबायला लागली.

सेमिसीनं गाण्याची वायर बदलली, पॉवरवर फिल्टर बसवला, मग डायनॅमोला शिव्या घातल्या. किंकाळी तशीच.

इआकोपोला कारण पहिल्याच दिवशी दिसलं होतं. गोणी उचलताना सेमिसीनं अर्थिंगची वायर पिळलेला शेवटच्या बाकाखालचा बोल्ट त्यानं पाहिला होता, आणि तोंड मिटून घेतलं होतं. आयुष्यात त्यानं केलेली लबाडी म्हणजे एवढीच.

शेवटी मामानं त्याला बोलावलं. "जरा बघ तू. पण शनिवारी, समदी रग्बीला गेल्यावर. चारचौघांत पोराची लाज नको."

मामाला आता कळेल, काम कुणाला येतं ते. या आशेनं इआकोपो बसमध्ये चढला. मामा पुढच्या बाकावर बसला, सेमिसी अँप्लिफायरपाशी. इंजिन चालू, किंकाळी चालू.

"गाण्याची वायर उपट," इआकोपो सेमिसीला म्हणाला. गाणंही गेलं, किंकाळीही. "आता परत लाव." दोन्ही परत आली. मग त्यानं जाड वायरीचा एक चिमटा अँप्लिफायरला लावला, खिडकीतून वायर खाली सोडली, स्वतः बसखाली आडवा झाला आणि दुसरा चिमटा चासीच्या, म्हणजे खालच्या सांगाड्याच्या, खरवडलेल्या लोखंडावर धरला. वर किंकाळी बंद. नुसतं गाणं.

चिखलातूनच तो बोलला, "ऑकलंडात गाडी समदी पत्र्याची. कुठंबी बोल्ट पिळला की अर्थिंग मिळती. ही बस चासीच्या वर निव्वळ लाकूड हाय, बाबा. करंटला परतायला वाट नाही, म्हणून तो तुझ्या गाण्याच्या वायरीतनं बोंबलत जातोय. तू अर्थिंग दिलीस झाडाला."

सेमिसी कानापर्यंत लाल झाला. "दादा, तुम्हाला आधीच माहीत होतं?"

"मला कुणी इचारलं?"

कायमची वायर ओढून झाल्यावर मामानं त्याला जवळ बोलावलं. इआकोपो खाली, बसच्या फळ्यांवर मांडी घालून बसला.

"चांगलं केलंस. उद्या देवळात मी सांगणार, सेमिसीनं दुरुस्त केलं म्हणून. पदवी त्याला द्यायची ठरलीय."

इआकोपोनं हाताचा चिखल पुसला. "तुम्ही म्हणला होता, मामा."

"म्हणलो होतो." मामानं आवाज चढवला नाही. "देवळाचं छप्पर त्याच्या आईच्या पैशानं झालं. तो पदवी घेईल आन् जाईल तिकडं. तू घेतलीस आन् खांबाला टेकून बसलास, तर बसखाली निजायचं कुणी? मी?"

"बरं, मामा."

"आन् त्याला नीट समजावून दे. कुणी इचारलं तर अडायला नको."

इआकोपोनं समजावून दिलं. कुठं खरवडायचं, कुठं ग्रीस लावायचं, सगळं. सेमिसीनं मान खाली घालून ऐकलं, आणि देवळात मामा बोलला तेव्हाही मान खालीच ठेवली. नाही मात्र म्हणाला नाही.

नाताळात पदवीचं जेवण झालं. पाहुणे बसनंच आले, गाणी कशी खणखणीत. इआकोपो ताटं घेऊन फिरत होता. सिएनी शेजारणीला सांगत होती, "नव्या मातईच्या हाताला गुण हाय गं. आधी काय ती किंकाळी असायची बसमध्ये. वीस वर्षं कान किटले आमचे."

इआकोपोनं तिच्या ताटात डुकराचा आणखी एक तुकडा घातला आणि पुढच्या पाहुण्याकडं सरकला.