छत्रीचं तोंड दक्षिणेला

आमच्या घरात दक्षिणेकडे तोंड करायला बंदी होती, आणि देशाचा उपग्रह नेमका दक्षिणेला होता.

चौऱ्याऐंशीचा उन्हाळा. मी सुट्टीत साक्रीला काकांकडे गेले होते. सगळं गाव त्यांना नाना म्हणे. त्यांचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. टीव्हीच्या लहरी साक्रीपर्यंत पोचत नसत, म्हणून नानांनी इंग्रजी मासिकातला नकाशा पाहून कोंबड्यांच्या जाळीची भलीथोरली छत्री गच्चीवर उभी केली. गल्लीला आमंत्रण दिलं, "देशाचा पहिलावहिला दळणवळण उपग्रह! संध्याकाळी थेट आपल्या ओट्यावर!" (त्याचा थोरला भाऊ आधी वर जाऊन बिघडला होता, ते नानांनी सांगितलं नाही.)

"नाना, कोंबड्या कधी आणणार?" गल्ली विचारायची. नाना हसायचे, पण चित्र आलं नसतं, तर त्यांना दुकान उघडायला तोंड उरलं नसतं.

मासिक इंग्रजी आणि मी इंग्रजी शाळेतली. म्हणजे उपग्रह माझ्या ओळखीतलाच!

"सांग बेटा, छत्रीचं तोंड कुठे करायचं?"

"दक्षिणेला," मी पुटपुटले.

नानांची थोरली बहीण अक्का जिना चढत होती. ती तिथेच थांबली. "दक्षिणले? तठे यम शे! आपला घरमा दक्षिणले तोंड करीसन कोन्ही जेवत बी नही!"

"अक्का, छत्री कुठे जेवणार आहे?"

"मंग तिले गच्चीवरथीन उतार!"

सगळ्या गावाशी वाद घालणारे नाना अक्कापुढे मात्र नमले. मग आशेने माझ्याकडे वळले. "पूर्वेला चालेल का गं?"

दोघंही माझ्याकडे बघत होते. कुणी असं बघायला लागलं की मी मान हलवते. मी मान हलवली. छत्री पूर्वेकडे वळली!

संध्याकाळी ओटा भरून माणसं रस्त्यावर सांडली. नानांनी टीव्ही लावला. पडद्यावर मुंग्या! लोक फार भले, कुणी उठलं नाही. उलट मुंग्यांतच चित्र शोधू लागले.

"तो दखा, मानूस शे!"

"मानूस कसाना? बैल शे तो!"

"नाना, बैल छान आहे हो," मागून कुणी तरी धीर दिला.

नाना बटणं पिळत होते. त्यांचे कान लाल झाले होते. ते मला बघवेना. मी अक्काजवळ सरकले आणि आयुष्यातलं सर्वांत लांब मराठी भाषण केलं, "अक्का, तिथे यम नाहीये. माणसांनीच वर पाठवलंय ते. खाली पडत नाही, आणखी वर जात नाही. मधेच टांगलेलं आहे."

अक्का विचारात पडली. मग तिने कपाळावर हात मारला. "तो त्रिशंकू शे! विश्वामित्रनी दक्षिणलेच टांगेल! पहिलेच सांगानं व्हतं ना, माय!"

त्रिशंकू कोण, मला माहीत नव्हतं. (आमच्या शाळेची मजल हर्क्युलीसपर्यंत!) मी मान हलवली.

चौघांनी छत्री दक्षिणेकडे ओढली. खालून अक्काच ओरडत होती, "आखो! आखो वढा!" आणि पडद्यावर अचानक एक बाई आली! नाकातल्या चमकीसकट! टाळ्यांचा कडकडाट झाला. नानांनी बाहीने डोळे पुसले.

आणि बाई इंग्रजीत बोलू लागली.

सगळी गल्ली माझ्याकडे वळली. "काय सांगी ऱ्हायनी व ती, पोरी?"

मला शब्द न् शब्द कळत होता. पण तोंडातून मराठी निघेना. बाई दूर आसामातल्या मुसळधार पावसाबद्दल सांगत होती.

"पाऊस..." मी म्हटलं. "मुसळधार..."

"आसामात" घशातच अडकलं.

"पानी?" कुणी तरी किंचाळलं. "आरे, मन्हा बिबडा!"

घरोघरच्या गच्च्यांवर वर्षभराचे ज्वारीचे बिबडे आणि पापड वाळत पडले होते. क्षणात ओटा रिकामा! चपला ओट्यावरच, माणसं गच्चीवर! अक्काही पदर खोचून पळाली. राहिलो आम्ही दोघं आणि आरशासारखं स्वच्छ चित्र.

"बेटा," नाना हळूच म्हणाले, "पाऊस कुठे म्हणाली ती?"

"आसामात."

 नाना पोट धरून हसले. "चल, आपणही अक्काबरोबर बिबडे उचलू. नाहीतर लोकांना संशय यायचा!"

हा उपग्रह हवामानाचीही खबर देतो, हे मला पुढे कळलं. साक्रीत त्याचा पहिलाच अंदाज सपशेल चुकला, पण त्यात त्या बिचाऱ्या उपग्रहाचा काहीच दोष नव्हता.