भिलाईतली मर्यादवेल

"ताई, पाणी नका टाकू!"

मी हातात नळी घेऊन कुंपणाशी गेले की शेजारचे काका लांबूनच हात हलवत यायचे. स्मृती नगरात तुमच्याही गल्लीत असे एक काका असतील: कारखान्यातून रिटायर झालेले आणि आता बागेला ड्यूटी लावणारे.

यांच्या बागेत गुलाब नव्हते. होती मर्यादवेल. समुद्राकाठच्या वाळूत पसरते ती. पानं आपट्यासारखी, फुलं जांभळट गुलाबी.

काकूंचं माहेर वेंगुर्ल्याचं. रिटायर झालो की समुद्राकाठी राहू, असं काकांनी लग्नातच कबूल केलं होतं. पण भंडाऱ्याकडच्या या माणसाचा पाय आता भिलाईतून निघेना. तेव्हा त्यांनी उपाय काढला. काकूंच्या माहेराहून वेलीचे तुकडे मागवले, अंगणातला मुरूम उपसला, नदीची रेती भरली.

पहिली खेप जळून गेली. काका रोज मिठाचं पाणी घालत होते.

"समुद्राची हाय ना? तिले खारंच लागन!"

"अहो, खाऱ्यात ती तगते. खारं मागते कुठे?" काकू हसून हसून पायरीवर बसल्या.

दुसऱ्या खेपेला मीठ बंद, पाणी बेताचं, ऊन भरपूर. वेलीने रेती झाकली आणि पावसाळा सरता सरता फूल आलं. काकांनी मला हाक मारून बोलावलं, काकूंना हाताला धरून बाहेर आणलं.

"पाह्य! राहून राहिली ना इथं? मंग तुलेच कावून नाही जमत?"

काकूंनी फुलाला बोट लावलं. "मलाही जमलंच की. तीस वर्षं."

आवाजात राग नव्हता. काका मात्र फुलाकडे बघतच राहिले. मी उगाच नळी गुंडाळत बसले.

दिवाळीनंतर सामान वेंगुर्ल्याला न्यायला त्यांच्या दारात ट्रक लागला. वेलीचा तुकडा नेणार का, मी विचारलं.

"तिकडं तिले कोन पुसते, ताई? वाटेवर पडून राह्यते."

परवा काकूंनी फोटो पाठवला. त्या स्वतः घोट्याएवढ्या पाण्यात, पदर खोचून. मागे वाळूत प्लास्टिकच्या खुर्चीवर काका, समुद्राकडे पाठ करून बसलेले. मी लगेच फोन लावला.

"काका, उलटे कावून बसले?"

"उलटा नाही, ताई. इकडून नाकासमोर गेलं का भिलाई."