अक्काचं कन्नड

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकींना नाही. ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय — तेही मला धड ठाऊक नाही.

कमल माझ्या पाठची. की पाठचा म्हणू? मंठाळला, सीमेवरच्या आमच्या मराठी गावात, मुलगी म्हणूनच पाळण्यात घातलेली. पण वयात आल्यापासून तिनं लुगडं अंगाला लावलं नाही. पायजमा, सदरा, डोक्याला रुमाल. आणि छातीवर आईच्या जुन्या लुगड्याची पट्टी — इतकी आवळून बांधलेली, की उन्हात औत धरताना श्वास पुरायचा नाही. गाव आधी हसलं, मग कमलअण्णा म्हणायला लागलं. गावाला जमलं ते. मला, सख्ख्या बहिणीला, जमलं नाही.

लग्न करून मी गुलबर्ग्याला आले. कन्नड शिकले, इतकं की बाजारात मला कुणी मराठी म्हणून ओळखेना. म्हैसूर राज्याचं कर्नाटक होऊन काही वर्षं झाली असतील, तेव्हा कमलच्या छातीत डावीकडं गाठ वाढली. त्यानं लपवली. सदऱ्यातून दिसायला लागली तेव्हा माझ्याकडं आला. मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर खाली म्हैसूरकडचे, त्यांना मराठी येईना, हिंदीही नाही. कमलला बाजारात भाव विचारण्यापुरतं कन्नड. मधे मी.

डॉक्टर म्हणाले, गाठ कॅन्सरची नाही, पण एवढी वाढलीय की डावी बाजू सगळी काढावी लागेल. उजवीकडंही बारीक गाठी आहेत. त्या बाजूला हात लावलाच पाहिजे असं नाही, पण काढा म्हणत असतील तर तीही काढतो. ते ह्यांनीच ठरवावं. असं म्हणून त्यांनी कमलकडं बघितलं, माझ्याकडं नाही.

मी कमलला सांगितलं. एवढं मात्र खरं सांगितलं.

तो उठून उभाच राहिला. "दोन्ही काढा म्हण, अक्का. दोन्ही! मी लई वर्षं ह्याचीच वाट बघायलोय."

"कामून घाई करायलास? इचार कर जरा."

"इचार करण्यातच जल्म गेला की."

डॉक्टरांनी विचारलं, काय म्हणतात? आणि मी — माझ्या त्या चोख कन्नडात — म्हणाले, "उजवी राहू द्या म्हणते. बाईमाणूस आहे, भीती वाटते तिला."

मग कमलकडं वळले. "डॉक्टर आता न्हाई म्हणायलेत. दोन्ही काढलं तर जिवाला धोका हाय, एकच काढता येतंय म्हणे."

का केलं असेल मी हे? दया होती? लोकलाज? की उरलीसुरली बहीण तरी राहावी मला, असं वाटलं? मी पुष्कळदा शोधलं. दर वेळी वेगळंच काहीतरी हाताला लागतं, आणि त्यातलं कुठलंच पुरं पटत नाही.

शुद्धीवर आल्यावर कमलचा हात पट्टीवरून, त्या सपाट जागेवरून फिरत होता आणि तो हसत होता. शेजारच्या खाटेवरची बाई त्याच्याकडं बघतच राहिली. रडत होते ती मी. टाके काढले त्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, समाधान आहे ना?

कमल म्हणाला, "अर्धं."

मी सांगितलं, "हो, आहे."

पुढं एकदा तो गुलबर्ग्याला मुद्दाम आला. चहाची बशी खाली ठेवून म्हणाला, "अक्का, त्या डॉक्टरला पुन्ना इच्चारून बघतीस का?"

"त्यांची बदली झाली," मी म्हणाले. बदली कसली? भाजीला जाताना रोज त्यांच्या घराच्या फाटकावरून जायचे मी. त्यानंतर कमलनं विचारलं नाही. एका बाजूची पट्टी तेवढी बांधत राहिला. उन्हाळ्यात तिच्याखाली कातडी सोलवटायची, तर मलाच मलम मागायचा.

आता त्याचे केस पिकलेत. मंठाळात कुणाला मोठं दुखणं आलं की तोच त्यांना घेऊन माझ्याकडं येतो. परवा शेजारच्या म्हातारीला आणलं होतं. दवाखान्याच्या बाकावर ती अंग चोरून बसलेली. तिचा हात धरून कमल म्हणाला, "भिऊ नकोस, मावशे. अक्का हाय. आपण बोललेलं जसंच्या तसं सांगती ती डॉक्टरला."

म्हातारीनं माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली आणि तिला आत घेऊन गेले.