मोहबारीचा खांब

"हुकूम देवाले जीभ लागस, मांगे लेवाले छाती लागस."

सोनगीरच्या पारावर सुभेदार निंबाआबा येऊन टेकले, की हे वाक्य ठरलेलं: हुकूम द्यायला जीभ लागते, तो मागं घ्यायला छाती. कधी कधी तर आबांनी तोंड उघडण्याआधीच कोणीतरी ते म्हणून टाकी आणि पार हसे. आबा हसत नसत. किल्ल्याच्या बुरुजाकडे बघत बसत.

आबा पलटणीत साधे शिपाई म्हणून गेले आणि सुभेदार होऊन बाहेर पडले. पाठ ताठ, मिशी ताठ आणि पायात बारा महिने बूट. दुसरी मोठी लढाई संपली तेव्हा इंग्रज सरकारला साक्रीकडच्या जंगलपट्टीवर बसवायला एक कडक माणूस हवा होता. डोंगरातल्या बावीस पाड्यांचा कारभार आबांच्या हाती आला. कोणी लाकूड तोडायचं, कुठं गुरं चारायची, रस्ता कुठून न्यायचा, सगळं त्यांच्या सहीनं ठरे. पाड्यांवरचे लोक त्यांना राजासारखं वाकून रामराम करत. आबांना ते आवडत असे, हेही सांगायला हवं.

सेहेचाळीस साली लाकडाच्या गाड्यांसाठी डोंगरात रस्ता काढायचं काम निघालं. मोहबारी पाड्याच्या शिवेवर, रस्त्याच्या बरोबर मधे, एक सागाचा खांब उभा होता. त्यावर वाघ कोरलेला, वर सूर्य आणि चंद्र, अंगाला शेंदूर. तो त्या लोकांचा वाघदेव. दर वर्षी दिवाळीच्या तोंडावर, वाघबारशीला, पाड्यातले गुराखी त्याच्यापुढं नारळ फोडत आणि गुरामाणसाला सांभाळ म्हणत.

पाड्याचा कारभारी झिपरू हात जोडून पुढं आला.

"आठ दिन थांबा, साहेब. वाघबारस येई ऱ्हायनी. देवले इचारीसन आम्हीच हालाडसूत."

"देव असता तर देवळात असता," आबा म्हणाले. "हुकूम निघाला म्हणजे निघाला."

खांब उपटला गेला. लाकूड चांगलं म्हणून आबांनी तो 'सरकारजमा' लिहून सही केली, साक्रीच्या कचेरीत आणला, पांढरा रंग फासला, वर कप्पी ठोकली आणि त्यावर सरकारचं निशाण चढवलं.

दोन महिन्यांनी मोहबारीच्या लोटनला त्याच शिवेवर गुरं वळताना बिबट्यानं धरलं. कचेरीत कागद आला. 'जनावराच्या हल्ल्यात एक इसम मयत.' आबांनी त्याच्याखालीही सही केली.

पुढच्या ऑगस्टात इंग्रजांचं निशाण उतरलं आणि तिरंगा चढला. आवारात माणूस मावत नव्हता. झिपरू डोंगरातून आला होता. सगळ्यांनी वर बघून हात जोडले. झिपरूनं खाली बसून खांबाच्या बुडाला कपाळ लावलं. आबांना कौतुक वाटलं.

"झिपरू, झेंड्याला असं पाया पडतात का रे?"

"झेंडाले नही, साहेब. झेंडा तुम्हना बी शे, आम्हना बी शे. पन खाले देव आम्हना शे." मग जरा थांबून तो म्हणाला, "लोटननी बायको सुंदरबाई इचारस, देव कधी येवाव शे?"

आबांच्या हातात पेढा होता. तो हातातच राहिला.

खांब त्याच आठवड्यात परत द्यायला हवा होता. पण ज्यावर नुकताच तिरंगा चढला तो खांब उपटायचा कसा? लोक काय म्हणतील, वरचे साहेब काय म्हणतील? पलटणीत गोळीला न भ्यालेला माणूस याला भ्याला. त्यांनी धुळ्याला पत्र लिहिलं. उत्तर आलं, की खांब आपल्याच सहीनं सरकारजमा आहे. आबांनी पुन्हा लिहिलं नाही. एकोणपन्नास साली निवृत्त होऊन सोनगीरला आले, आणि तेव्हापासून ते वाक्य सुरू झालं.

त्रेपन्न साली कचेरीत लोखंडी खांब आला आणि जुनं लाकूड मोडीत निघालं. आबा स्वतः साक्रीला जाऊन ते घेऊन आले. ओसरीवर आडवं टाकलं. महिनाभर काचेच्या तुकड्यानं रंग खरवडत बसले. कप्पीचे खिळे एकेक करून काढले. धुरपदाबाई, म्हणजे त्यांची बायको, दारातून बघे.

"दोन पोरीसना लगीनमा कामले हात लावा नही, आन् आते लाकूडले हळद लावी ऱ्हायनात!"

आबा खरवडतच राहिले. रंगाखालून वाघाचा एक डोळा वर आला होता.

मी आबांचा शेजारी; खांब न्यायला बैलगाडी माझी होती. वाघबारशीच्या दिवशी सकाळी आम्ही मोहबारीच्या शिवेवर पोहोचलो. सात वर्षांत तिथं नारळ फुटला नव्हता. पाडा गोळा झाला. झिपरूचे केस पांढरे झाले होते. आबांनी सांगितलं, मी चुकलो, देव परत आणला आहे, तुमच्या पंगतीत मला बसू द्या.

सगळ्यांनी झिपरूकडं पाहिलं. मग झिपरू म्हणाला, "ज्यानं उपटा त्यानंच रोपो. पायमा काही नको."

आबा मोहाच्या झाडाखाली बसले आणि बूट काढले. ते पाय मी कधी पाहिले नव्हते. भाकरीसारखे पांढरे आणि मऊ होते. कुदळ हातात घेऊन त्यांनी खड्डा खोदला. कोणी मदत केली नाही, कोणी अडवलंही नाही. ऊन डोक्यावर आलं तेव्हा वाघदेव आपल्या जागी उभा होता.

झिपरूनं बोटावर शेंदूर घेतला. पण लावला नाही. तो सुंदरबाईकडं वळला. ती बायांच्या मागं उभी होती.

"तू सांग, माय. तुना घरनं मानूस गयं."

सुंदरबाईनं खांबाकडं पाहिलं, आबांकडं पाहिलं.

"देव ऱ्हावो," ती म्हणाली. "तो नको."

आबांची मान खाली गेली. झिपरू त्यांच्याजवळ आला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा साहेब म्हणाला नाही.

"निंबाभाऊ, देवनं तुना हातनं आपली जागा लिधी. तेवढं शे. आते जाय. पूजा व्हई तोवर मांगे देखजो नको. ज्यानं देव दुखाडा, त्यानं देखाव नही. आम्हना रिवाज शे."

मला वाटलं, आबा काहीतरी बोलतील. निदान ते वाक्य तरी म्हणतील. आबांनी कुदळ खाली ठेवली. टाचा जुळवल्या, पलटणीत वरच्याचा हुकूम घेताना जुळवतात तशा. आणि चालू लागले.

बूट मागं राहिले होते. हाक मारावी म्हणून मी तोंड उघडलं आणि मिटलं. वळल्याशिवाय ते घेता येणार नव्हते. रस्त्यावर गाड्यांनी उसवलेली खडी होती. आबा तिच्यावरून सावकाश, पण ताठ चालले होते.

मी बैल जुंपायला लागलो. मागं नारळ फुटला, सगळा पाडा खांबाकडं तोंड करून बसला. एकटी सुंदरबाई उठून मोहाखाली आली. आबांचा एक बूट उलटा पडला होता. उलटं पायताण भांडण आणतं, हे आपल्याकडं लहान पोरीलाही ठाऊक असतं. तिनं वाकून तो सुलटा केला आणि दुसऱ्याशेजारी नीट ठेवला.

मग डोळ्यांवर हात धरून ती रस्त्याकडं बघत उभी राहिली. आबा वळणाआड जाईपर्यंत ती बघत होती. आबांनी मागं पाहिलं नाही.