संसार में भारत

अलकनंदा निमकर बार्शीहून दिल्लीला आली, ती स्वतःच्या हिंदीचा भलताच अभिमान घेऊन. राष्ट्रभाषेच्या परीक्षेत ती शाळेत पहिली आली होती. परीक्षेला तिघीच बसल्या होत्या, एवढं मात्र ती सांगत नसे. सरकारी कचेरीत कारकुनी आणि सरोजिनी नगरात काकांच्या क्वार्टरमध्ये मुक्काम. नोकरी अजून कच्ची होती. सभरवालसाहेबांनी महिनाअखेर शेरा चांगला लिहिला तर पक्की, नाहीतर परत बार्शी आणि वडिलांनी हेरून ठेवलेलं स्थळ.

साल बहात्तर. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं होत होती. दौऱ्यावर निघताना साहेब दारातूनच म्हणाले, "मिस निमकर, विदेशी मेहमान आ रहे हैं. हॉल में प्रदर्शनी लगा दो. 'संसार में भारत'."

"जी, बिल्कुल."

हिंदीत संसार म्हणजे जग. साहेबांना हवे होते नकाशे आणि वकिलातींचे फोटो. पण बार्शीच्या कानाला संसार म्हणजे पोळपाट-लाटणं. 'सरकारला बायकांचं सुचलं एकदाचं,' असं काकूला कौतुकानं सांगून तिनं आठवडाभर क्वार्टरं पालथी घातली. तमिळ घरातलं कॉफीचं फिल्टर, केरळच्या मरियम्माचं तांदळाचं पुट्टू उकडायचं नळकांडं, काश्मिरी चहाचा समोवार, लखनौवाल्यांचं पानदान. काकूनं विळी दिली, शेजारच्या बॅनर्जीबाईंनी तसलीच बंगाली बोटी, आणि मूळची कोणाची यावरून दोघींची जुंपली. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी: नाव, क्वार्टर नंबर, राज्य.

साहेब परतले ते पाहुण्यांच्या जेमतेम अर्धा तास आधी.

"नक़्शे कहाँ हैं?"

"नक्शे? सर, आपने तो संसार कहा था."

साहेबांनी समोवाराकडे पाहिलं, विळीकडे पाहिलं आणि खुर्चीत बसले. "मेरी इज़्ज़त गई. और तुम्हारी नौकरी भी."

पाहुणे आले. घानाच्या एक बाई विळीपाशी थबकल्या. हे चालतं कसं, म्हणाल्या. आपापली वस्तू राखायला आलेल्या काकू आणि बॅनर्जीबाई दोघी एकदमच खाली बसल्या, एक मराठीतून शिकवायला, दुसरी बंगालीतून. बाईंनी मधे बसकण मारून बटाटा चिरून दाखवला तेव्हा कुठे त्या गप्प झाल्या.

एका युगोस्लाव्ह पाहुण्यानं साहेबांना विचारलं, "या वस्तू किती देशांतून आणल्यात?"

साहेबांआधी अलकनंदाच बोलून गेली, बार्शीच्या इंग्रजीत. "वन कॉलनी, सर."

साहेबांनी डोळे मिटले. पंचवीस वर्षांपूर्वीच तर त्या शब्दातून सुटका झाली होती. घानाच्या बाई मात्र बटाटा हातात घेऊन पोट धरून हसल्या आणि मग सगळेच हसले. एक तास ठरला होता, पाहुणे तीन तास हलले नाहीत.

साहेब म्हणालेच होते, नोकरी गेली. अलकनंदानं घरी येऊन ट्रंक आवरायला काढली.

दुसऱ्या दिवशी साहेब हॉलमध्ये आले ते वर्तमानपत्रात काहीतरी गुंडाळून. आत ताक घुसळायची जुनी रवी.

"माँ की है. लायलपुर से निकलते वक़्त यही हाथ लगी थी उनके. चिट्ठी लिख दो."

तिनं नाव लिहिलं, क्वार्टर नंबर लिहिला. 'राज्य'पाशी पेन अडलं. लायलपूर फाळणीनंतर पाकिस्तानात, परक्या देशात.

"क्या लिखूँ, सर?"

"तुम बताओ. अगले साल भी तुम्हीं को लगानी है ये प्रदर्शनी."

पुढच्या वर्षीही, म्हणजे नोकरी पक्की. हे ध्यानात यायला तिला एक क्षण लागला. मग तिनं ठळक अक्षरात 'दिल्ली' लिहिलं. शाई वाळेपर्यंत साहेब तिथंच उभे होते.